दोन बाळाजी आणि थाळनेरचा किल्लेदार

१८०३ साली धुळे गावात माणूस उरला नव्हता. आज पाचकंदिलाच्या बाजारात पाय ठेवायला जागा मिळत नाही, आग्रा रोडला रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते; त्या वर्षी मात्र पांझरेच्या काठी नुसत्या भिंती उभ्या होत्या. होळकरांच्या फौजेची लूट आणि त्यामागून आलेला दुष्काळ, या दोहोंनी मिळून गाव ओस पाडलं. गॅझेटियरात हे एका वाक्यात येतं. आमच्या आबांना मात्र ते सांगायला अख्खी रात्र पुरत नसे.

आबा आमचे आजोबा. एरंडोल तालुक्यात गिरणेच्या अंगाला आमचं गाव. उन्हाळ्यात ओट्यावर खाटा पडल्या की ते सुरू करत. त्यांना हे त्यांच्या आज्याने सांगितलेलं, आणि त्या आज्याला त्याच्या आज्याने, ज्याने लहानपणी स्वतः ती पळापळ पाहिली होती. मधे फक्त एवढीच माणसं, म्हणून असेल, आबांच्या बोलण्यात ती गोष्ट जुनी वाटत नसे. "गावमा कुत्रं बी ऱ्हायनं नव्हतं, पोऱ्या," असं म्हणून ते थांबत आणि मग पेवाची हकिकत सांगत.

धान्य तेव्हा जमिनीखालच्या पेवात ठेवत. पेंढारी आले की भाल्याच्या टोकाने अंगणं टोचत फिरत. जमीन पोकळ लागली की तिथे खणत. सापडलं नाही तर घरच्या कर्त्या माणसाच्या तोंडाला गरम राखेचा तोबरा बांधत आणि पाठीवर बुक्क्या मारत, म्हणजे श्वास घेताना राख आत जावी. आमच्या घराण्यातला एक पुरुष असा गेला. त्याचं नाव आबांना ठाऊक नव्हतं, पण दर पितृपक्षात त्याच्या नावाचा म्हणून एक घास वेगळा काढला जाई. तो गेल्यावर उरलेली माणसं रात्रीतून बुऱ्हाणपूरकडे निघाली.

हे सगळं कशामुळे झालं, तेही आबा सांगत. १८०१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन मारलं. भावाचा सूड म्हणून यशवंतराव दक्षिणेत उतरले. २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ लढाई झाली, शिंदे-पेशव्यांचा पराभव झाला आणि बाजीराव पळून वसईला गेला. ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह करून आपली गादी राखली. या सगळ्या फौजांची वाट खानदेशातून जात होती. पुण्याचं वैर आणि आमची पेवं यांचा संबंध एवढाच. "मोठासना भांडनमा लहानसना जीव गया," आबा म्हणत. कुणी तरी यांना विचारायला हवं होतं, ही त्यांची खंत मला लहानपणीही कळायची. बाजीरावाला कुणी विचारलं नाही. यशवंतरावांनाही नाही. पराक्रमी पुरुष म्हणून मी यशवंतरावांना मानतो; इंग्रजांपुढे उभं राहण्याची त्यांची धमक मोठी होती. पण खानदेशात त्यांच्या घोडदळाने जे केलं ते त्या पराक्रमाच्या आड लपवता येत नाही.

पुढची गोष्ट बाळाजी बळवंत यांची. हे विंचूरकरांच्या पदरचे गृहस्थ. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. गाव ओस पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, बाळाजी बळवंतांनी धुळं पुन्हा वसवलं. त्या कामाबद्दल विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन आणि काही हक्क दिले, आणि पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारही सोपवला. १८१८ पर्यंत ते धुळ्यातच ठाण मांडून राहिले.

गाव वसवणं म्हणजे काय करणं, हे आज चटकन ध्यानात येत नाही. माणसं परत येतात ती भरवसा मिळाल्याशिवाय नाही. मराठ्यांच्या राज्यात पडीक जमीन पुन्हा लागवडीला आणायची तर इस्ताव्याचा कौल देत: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा चढता, आणि काही वर्षांनी पुरता. म्हणजे सरकार आधी पोटाला चिमटा घेतं आणि रयतेला उसंत देतं. पण कागदावरचा कौल कुणीही देईल. पळून गेलेला कुणबी विचारतो तो वेगळाच प्रश्न: उद्या घोडेस्वार आले तर तू कुठे असशील? बाळाजी बळवंत चौदा वर्षं धुळ्यात राहिले, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. त्यांची कुठे फारशी आठवण काढली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आबांच्या गोष्टीत भिल्ल यायचे ते लुटारू म्हणून. होळकर, पेंढारी आणि भिल्ल, एका ओळीत. ओट्याखाली जमिनीवर गावचे जागल्या बसलेले असत. भिल्ल समाजातले, वयाने आबांहूनही मोठे. आम्ही पोरं त्यांना मोठे बाबा म्हणत असू. आबा बोलत असेपर्यंत ते गप्प असत. आबा निजायला गेले की त्यांची गोष्ट सुरू होई, आणि ती मुळात वेगळी असे.

मोठ्या बाबांच्या सांगण्यात भिल्ल गाव राखणारे होते. गावची राखण, वाटांची राखण, घाटाची राखण. त्याबद्दल दर घरातून धान्य आणि मान. गावं ओस पडली तेव्हा कुणबी बुऱ्हाणपूरला गेला, गुजरातेत गेला. भिल्ल कुठे जाणार? राखायला गाव नाही म्हणजे हक्कही नाही. दुष्काळात ते डोंगरात शिरले आणि जगण्यासाठी लुटू लागले. गॅझेटियरातही साधारण हाच कार्यकारणभाव येतो, हे मला पुष्कळ नंतर, धुळ्याला शिकायला असताना वाचून कळलं.

मग येई कोपरगावची हकिकत. खानदेशचा पेशव्यांचा सरसुभेदार होता बाळाजी लक्ष्मण. भिल्लांचा बंदोबस्त करायचा म्हणून त्याने त्यांना बोलणी करायला गोदावरीकाठी कोपरगावला बोलावलं. डोंगरातले भिल्ल मोठ्या संख्येने आले. त्यांना दग्याने पकडलं आणि बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. चाळीसगाव, धरणगाव आणि अंतूर इथेही त्या काळात अशा कत्तली झाल्या. धरणगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मोठे बाबा सांगत, की त्यानंतर कितीतरी पिढ्या भिल्लाला सरकारातून बोलावणं आलं की तो आधी आजूबाजूला विहीर कुठे आहे ते बघायचा.

दोन बाळाजी. दोघेही एकाच दौलतीचे चाकर, काळ एकच, प्रदेश एकच, समोरचा प्रश्नही एकच: मोडलेला मुलूख पुन्हा उभा कसा करायचा. एकाने माणसं परत आणली. दुसऱ्याने ठरवलं की काही माणसं नसलेलीच बरी. आणि बाळाजी लक्ष्मणाने जे केलं ते लढाईत केलेलं नव्हतं. बोलणी करू म्हणून दिलेला शब्द मोडून केलेलं होतं. लढाईत मेलेल्यांचं दुःख काळाने थोडं ओसरतं; मोडलेला शब्द मात्र पुढच्या प्रत्येक राज्यकर्त्याच्या वाट्याला येतो, तो कितीही भला असला तरी. खानदेशात इंग्रज आले तेव्हा त्यांनाही हा वारसा मिळाला. आल्या आल्या त्यांनी त्यात आपली भर घातली, ती थाळनेरला.

थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या उंच काठावर. फारुकी राजांची ही जुनी राजधानी. त्यांचे घुमट अजून उभे आहेत, किल्ल्याचा मात्र बराच भाग ढासळला आहे. माझ्या आईचं माहेर त्याच भागात, म्हणून हा किल्ला मी शाळेत वाचण्याआधी पाहिला. तिकडची आजी किल्लेदाराला 'मामा' म्हणे. मला वाटे, नात्यातलेच कुणी असतील. त्यांचं नावच तुळशीराम मामा असं कागदोपत्री आहे.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीला दिला. खानदेशातला त्यांचा मुलूखही त्यातच आला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याचा घाट उतरला. सेंधवा किल्ला न लढता मिळाला. २७ फेब्रुवारीला तो थाळनेरसमोर आला. त्याने निरोप धाडला: किल्ला तहाने आमचा झाला आहे, लढलास तर बंडखोर समजू. किल्ल्यातून गोळीबार झाला. इंग्रजांनी तोफा लावल्या, दरवाजे मोडायची तयारी केली. तेव्हा किल्लेदार दिंडीतून बाहेर आला आणि स्वाधीन झाला.

यापुढे आजीचा आवाज बदलत असे. किल्लेदार बाहेर आल्यावर काही इंग्रज अधिकारी थोड्या शिपायांसह आतल्या दरवाजाशी गेले. आत अरब शिपाई होते. कोणत्या अटींवर शस्त्रं ठेवायची याचा उलगडा झाला नाही, भाषा एकमेकांना कळेना, आणि झटापट उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच मारले गेले, आणखी काही जखमी झाले. मग फौज आत घुसली. सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली. त्याच दिवशी हिस्लॉपने तुळशीराम मामाला फाशी दिलं.

ज्याने आधीच स्वतःला स्वाधीन केलं होतं, जो दरवाजाच्या आत काय चाललंय ते थांबवू शकत नव्हता, त्याला. चौकशी नाही, न्यायासन नाही. दगा झाला असा हिस्लॉपचा दावा, आणि त्या दग्याला किल्लेदार जबाबदार धरला गेला. आजी शेवटी एकच विचारी: "मामा तर भाईर उभा होता ना?" या प्रश्नाला मला अजून उत्तर देता आलेलं नाही. इंग्रजांतही कुणाला देता आलं नसावं, कारण गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने हिस्लॉपकडे खुलासा मागितला, आणि मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटमध्ये विजयी फौजेचे आभार मानायचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या प्रकाराला त्या आभारांत धरू नये अशी काळजी घेतली गेली. ठराव मांडणारे जॉर्ज कॅनिंग सरकारपक्षाचेच होते.

त्या काळच्या साम्राज्याच्या राजधानीत तापीकाठच्या एका किल्लेदाराच्या फाशीवर बोललं गेलं, ही साधी गोष्ट नाही. पण बोलून ते थांबले. हिस्लॉपवर खटला झाला नाही. वगळलेले आभार म्हणजे न्याय नव्हे. वरच्या माणसाला त्याच्या हुकमाबद्दल उत्तर द्यायला लावायचं, तर त्यासाठी पुढे फार काळ जावा लागला. २०१२ मध्ये सिएरा लिओनच्या युद्धातल्या गुन्ह्यांना हातभार लावल्याबद्दल लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली, ती बातमी वाचताना मला थाळनेर आठवलं. त्याच वर्षी रवांडातली गावोगावची गचाचा न्यायालयं बंद झाली. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथे लोक गवतावर बसून, शेजाऱ्यासमोर शेजारी उभा करून, कुणी कुणाला मारलं ते ऐकत होते. त्या पद्धतीत दोष होते, त्यांवर टीकाही पुष्कळ झाली. तरी कोपरगावच्या विहिरींसाठी असं एकदाही कुणी बसलं नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

आता परत धुळ्याकडे, कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे. खानदेशचा हा पहिला इंग्रज पोलिटिकल एजंट. दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने त्याला नेमलं आणि ब्रिग्जने धुळं हे ठाणं निवडलं. १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधायची मंजुरी आली. दूरदूरहून कारागीर आणले, २७,००० रुपयांच्या आसपास खर्च आला. घर बांधणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्याने दिली. जुन्या रहिवाशांना आणि नव्याने येणाऱ्यांना पक्क्या घरांसाठी आगाऊ रक्कम दिली. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. १८६३ पर्यंत ती १०,००० झाली. आज धुळ्याच्या जुन्या भागातल्या सरळ गल्ल्यांतून चालताना मला त्या आगाऊ रकमांची आठवण होते. उजाड गावात नव्या घराच्या पायासाठी सरकार स्वतःहून पैसे देतं, हे आमच्या मुलखाने त्या पिढीत पहिल्यांदा पाहिलं असेल.

भिल्लांच्या बाबतीतही एल्फिन्स्टनचं धोरण बाळाजी लक्ष्मणापेक्षा वेगळं होतं. लढणाऱ्यांवर फौज गेली, पण नाईकांना नेमणुका दिल्या, जुने राखणीचे हक्क मान्य केले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम धरणगावला आला आणि त्याने भिल्ल पलटण उभी केली. धुळं ओस पडलं त्या १८०३ सालीच जन्मलेला हा तरुण. तो भिल्लांबरोबर रानात राहिला, वाघाची शिकार केली, त्यांच्यात एकटा वावरला. जिथे त्यांच्या बापजाद्यांना दग्याने मारलं होतं त्याच धरणगावात भिल्ल हत्यार घेऊन सरकारच्या चाकरीला उभे राहिले. मोठे बाबा हे अभिमानाने सांगत. आणि लगेच म्हणत, "पन आमन्या इहिरीसनं कोन्ही इचारं नही."

या वाक्याने मला विचार करायला भाग पाडलं. ब्रिग्ज आणि औट्रम यांचं काम खरं होतं. त्याने माणसं वाचली, गावं वसली. पण ज्या सरकारने धुळ्यात घरांना आगाऊ रक्कम दिली त्याच सरकारच्या सेनापतीने थाळनेरला मामाला टांगलं, आणि दोन्हींत पुरतं वर्षाचंही अंतर नाही. पहिलं केलं म्हणून दुसरं फिटत नाही. युद्धानंतरचा राज्यकर्ता जेव्हा म्हणतो, झालं ते झालं, आता रस्ते बघा, घरं बघा, तेव्हा रस्ते आणि घरं मी कृतज्ञतेने बघेन. पण झालेल्याचा हिशोब त्याने मांडलाच पाहिजे, कारण तो त्याच्याशिवाय दुसरा कुणी मांडू शकत नाही. हुकूम त्याच्या दप्तरात असतात. मेलेल्यांच्या घरच्यांकडे फक्त पितृपक्षातला घास असतो.

हिशोब न मांडल्याचं फळ पुढे दिसलं. सारा रोखीत भरायचा आणि धान्याचे भाव पडलेले, अशा वर्षांत वसलेली रयत पुन्हा वाकली. १८५२ मध्ये नव्या जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी उठले आणि सरकारने त्यांच्यावर लष्कर आणलं. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्या घराण्याकडे होती तो खाज्या नाईक इंग्रजांची नोकरी करून, त्यांचा तुरुंग भोगून १८५७ मध्ये भीमा नाईकासह उठला, आणि घाटात सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांचं पुष्कळ नुकसान झालं. पुढे खाज्या नाईकाचा शेवट दग्याने झाला. पुन्हा दगा. कोपरगावपासून तिथपर्यंत पन्नासेक वर्षं.

इतिहासाचार्य राजवाडे त्यांच्या अखेरच्या काळात धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले, आणि त्यांच्या मागे तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद जपण्याची आमच्या जिल्ह्यांना त्यांनी सवय लावली. तिथल्या कपाटांपुढे उभं राहिलं की मला हमखास मोठे बाबा आठवतात, ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता. गॉर्डन आणि मॅकग्रेगर यांची नावं छापील पुस्तकांत आहेत. किल्लेदाराचं नाव तुळशीराम आणि पुढे मामा, एवढंच. ३०० शिपायांचं एकही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि विहिरींतल्या भिल्लांचं तर नाहीच नाही.

धुळे-जळगावच्या शाळांत आपल्या भागाच्या इतिहासाचा एक धडा असावा, असं मी भेटेल त्या शिक्षकाला सांगतो. त्यात बाळाजी बळवंत असावेत, ब्रिग्जची ४०१ घरं असावीत, धरणगावची पलटण असावी. आणि त्याच धड्यात, त्याच पानांवर, कोपरगाव, थाळनेर आणि आंबापाणी असावं. हा धडा लिहायला जो कुणी बसेल त्याने दप्तरखान्यात जाण्याआधी आमच्या गावी यावं. मोठ्या बाबांचे नातू अजून तिथेच राहतात, आणि कोपरगावला गेलेल्या आपल्या घरातल्या दोन पुरुषांची नावं त्यांना पाठ आहेत.